नरेश पाटलाचा धवला विशेषांक

नरेश पाटलाच्या हातात लग्नाची पत्रिका द्या. लग्न कुणाचं, कधी, कुठे, काही बघणार नाही. आधी कागद दोन बोटांत चोळणार, मग नाकाशी धरून वास घेणार आणि देणाऱ्याच्या तोंडावर सांगणार, "कागद चांगला होता हो. वर छापून वाट लावली." यामुळे किती घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय, विचारू नका.

हा माझा पनवेलजवळच्या विचुंब्यातला शेजारी. वय चव्वेचाळीस, बिनलग्नाचा, ग्राफिक डिझायनर. दिवसा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत पिंपांवरची लेबलं करतो. एकदा धोक्याच्या लेबलावर इतकी गोड कवटी काढली, की साहेबांनी परत पाठवली. लोक घाबरले पाहिजेत, पाटील! उरलेला सगळा जीव मात्र 'खाजण' या स्वतःच्या मासिकात. मासिक म्हणायचं आपलं. वर्षातून दोनदा निघालं तरी नशीब. मजकूर त्याचा, चित्रं त्याची, जुन्या पनवेलच्या छापखान्यात शाईवरून भांडणाराही तोच. एक अंक मिठागरांवर, एक नव्या टॉवरांच्या नावांवर. "आमच्या भातशेतीत व्हेनिस उगवलंय बाई, नोंद नको ठेवायला?"

मी निवृत्त शिक्षिका, म्हणून प्रुफं तपासायची शिक्षा मला. आणि वर याचे सल्ले. माझ्या दारातली रांगोळी बघून म्हणतो, "गर्दी झाली बाई. जरा हवा सोडा." मी म्हटलं, तू आधी माझं दार सोड!

तर या नरेशाने गेल्या वर्षी धवल्यांचा अंक काढायचं घेतलं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. हळदीपासून पुढचा एकेक विधी ती गाणी म्हणत लावून देते. ती गाणी म्हणजे धवले. नरेशची आई, यमुनाबाई, पंचक्रोशीत नावाजलेली धवलारीण. हल्ली हळदीला डीजे येतो, धवलारणीला कोण बोलावतंय! लिहून काहीच ठेवलेलं नाही, सगळं त्यांच्या तोंडात. त्यात डॉक्टरांनी घशात गाठ सांगितली. ऑपरेशन करायचं, आवाज राहील याची खात्री नाही.

नरेशने अंकाची सगळी पानं आखून ठेवली, चित्रं काढली. फक्त मजकूर नव्हता. कारण यमुनाबाई गाईनात.

"लगीन नाय तर धवला नाय. बिनमांडवाचा गायला तर वाईट व्हतंय."

"आये, मोबाइलवर घेतो फक्त. दोन मिन्टं."

"मोबाइलचं लगीन हाय काय?"

झालं! महिनाभर हा प्रत्येक ओळखीच्याला विचारत सुटला, तुमच्याकडे कुणाचं जमतंय का? लोकांना वाटलं, पाटील अखेर वधू-वर सूचक मंडळात शिरले. जिथे जमत होतं, तिथे डीजे ठरलेला. दुसरा कुणी असता तर आखलेली पानं गुंडाळून गप्प बसला असता. हा सकाळी सात वाजता माझी बेल दाबून उभा. "बाई, तुळशीचं लग्न हे लग्न आहे की नाही?"

"आहे की."

"मग झालं!"

आईने अटी घातल्या. पत्रिका पायजे, हलद पायजे, आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव पायजे. पठ्ठ्याने सगळं केलं. तुळशीची पत्रिका हाताने काढली आणि बिल्डिंगभर वाटली. सेक्रेटरी आले, म्हणाले, पार्किंगमध्ये मांडव चालणार नाही. मी त्यांना वर्गात उभं करावं तसं उभं केलं. "एका संध्याकाळचा प्रश्न आहे. गाडी बाहेर लावा, पाय मोडणार नाहीत." लावली.

दिवेलागणीला यमुनाबाई हिरवं लुगडं नेसून मांडवात बसल्या. पुढे तुळस, शेजारी पाटावर बाळकृष्ण. नरेशने मोबाइल चालू केला, मी वही घेतली. आवाज चिरका झाला होता, पण काय सांगू, अंगावर काटा आला. हळदीचा धवला सुरू झाला. त्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं. ती जागा आली आणि यमुनाबाईंनी नाव घेतलं, नरेश.

माझी मास्तरकी थोडीच गप्प बसते! "अहो, नवरा कृष्ण आहे."

त्या थांबल्या. खोकल्या. म्हणाल्या, "किसनाचं लगीन दरसाल व्हतंय, बाई. सगल्या गावच्या पोरांना गायले. माज्या पोराचा धवला र्‍हायला. आता गला चालला."

मला माझीच लाज वाटली. नरेशने मान खाली घातली होती. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तो उठला, मोबाइल माझ्या हातात दिला, बाळकृष्णाला उचलून तुळशीच्या कुंडीत नीट बसवलं आणि त्या रिकाम्या पाटावर, आईच्या समोर, स्वतः मांडी घालून बसला. वाटीतली हळद घेऊन दोन्ही गालांना फासली.

"गा आये," तो म्हणाला. "पयल्यापासून गा. नवरा बसलाय."

यमुनाबाईंनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, एकदा बघून घेतलं आणि पहिल्यापासून गायला लागल्या.