वानखडे काकांची नापास बॅटरी

आमचे शेजारी वानखडे काका भर दुपारी बादलीत बॅटरी पेटवून बसतात. टॉर्चला आमच्या अकोल्यात बॅटरीच म्हणतात. बादलीच्या कडीला मनगटी घड्याळ टांगलेलं, मांडीवर वही, आणि काका उकिडवे बसून पाण्यात टक लावून पाहत असतात. आमच्या जठारपेठेत नवा आलेला माणूस हमखास विचारतो, "आजोबा, काही पडलं का आत?"

"पडलं नाही, टाकलं हाय," काका मान वर न करता सांगतात.

काका एका शाळेत प्रयोगशाळेचे शिपाई होते. निवृत्तीच्या दिवशी बाकीचे नारळ घेऊन घरी जातात, काकांनी प्रयोगशाळाच घरी आणली. सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ते वायसर कापतात, झाकणाच्या आट्यांना ग्रीस लावतात, बटणावर फुग्याचं रबर ताणून बांधतात. मग बॅटरी तासभर पाण्यात. जळत राहिली तर वहीत 'पास', विझली तर 'नापास'. दुकानदाराने कितीही गुण गायले तरी काकांचं उत्तर ठरलेलं, "पहले बुडवा, मंग बोला!"

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे काकांना पाणी पुरत नाही. म्हणून एका उन्हाळ्यात त्यांनी आमच्या कूलरची टाकी धरली, अर्थात न विचारता. दुपारी आम्ही आडवे झालो होतो, तर कूलरच्या बुडातून उजेड येऊ लागला. बायको किंचाळली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तरी उजेड तसाच. खिडकीमागून काका म्हणाले, "काहून घाबरून राहिले बाप्पा? बॅटरी हाय आपली. वीस मिनिटं बाकी हायेत."

माझ्या सासऱ्यांनी कौतुकाने दिलेली बॅटरीही त्यांनी अशीच बुडवली. चार मिनिटांत गेली. "तुमच्या सासऱ्याले कोनं तरी फसवलं," एवढंच सांत्वन मला मिळालं. तो राग मी अजून सोडलेला नाही.

हा सगळा खटाटोप कोणासाठी, ते गल्लीला ठाऊक आहे. काकांची एकुलती एक लेक सुषमा दर्यापूरला लग्न करून दिलेली, आणि नोकरी वीज कंपनीत. पावसात लाईन गेली की ही पोरगी खांबावर. काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. पण "लेकीच्या घरी बिनकामाचं जाऊ नाही, तिची किंमत जाते," हा त्यांचा कायदा. त्यामुळे पास झालेली बॅटरी पोचवायची असेल तरच ते दर्यापूरची बस धरतात. महिन्या-दोन महिन्यांनी सुषमाचा फोन येतो, बॅटरी नापास. की काका पुन्हा बादलीपाशी. पोरगी हाताची फार धसमुसळी असावी, असं माझं मत होतं.

या पावसाळ्यात काकांचा गुडघा सुजला. माझं दर्यापूरला काम निघालं होतं, तेव्हा त्यांनी नवी बॅटरी माझ्या हाती दिली. "काचेकडून दोन वायसर टाकले हायेत. पोरीले सांगजा, माह्या जिंदगीतली सगळ्यात पक्की बॅटरी हाय हे."

सुषमाने दार उघडलं आणि आधी माझ्या मागे पाहिलं. "बाबा नाही आले?"

मी गुडघ्याचं सांगितलं. तिने पोहे टाकले आणि बॅटरी बादलीत सोडली. बापाचीच लेक! पोहे झाले, दोनदा चहा झाला, तास उलटला, बॅटरी ठणठणीत जळत होती. ती पुसून परत माझ्या हाती देत सुषमा मला म्हणाली, "काका, बाबाले नापास सांगजा."

"अगं, पण ही तर..."

तिने कपाट उघडलं. आत पाच बॅटऱ्या ओळीने उभ्या होत्या. एकेक करून तिने पाचही पेटवून दाखवल्या. "कामावर मी ह्याच नेतो. एकबी आजलोक विझली नाही. पण पास सांगतलं तं बाबा येतीन कायले?" एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. मी पोह्यांची रिकामी बशी उचलून मोरीत ठेवली.

संध्याकाळी घरी आलो आणि काकांच्या हातात बॅटरी ठेवली. "नापास, काका."

"पानी कुठून शिरलं?"

मला काय ठाऊक! तोंडाला आलं ते बोललो, "काचेकडून."

काकांनी बॅटरी मांडीवर घेतली. काच उघडली, दोन्ही वायसर बोटाने चाचपले. आत पाण्याचा टिपूस नव्हता. "असंन," ते हळूच म्हणाले. "म्हंजे मलेच जा लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस लागलेला असताना काका इस्त्रीचा सदरा घालून, लंगडत निघाले. बॅटरी सदऱ्याच्या खिशात, अर्धी बाहेर, चक्क भिजत होती. छातीशी धरलेल्या पिशवीला मात्र तीन प्लास्टिकं गुंडाळून वरून सायकलची ट्यूब आवळली होती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"खारोड्या, बाजरीच्या वाळवणाच्या. सुषमाले लहानपनापासून आवडतात. तिची माय करे, आता मीच करतो," काका म्हणाले. "भिजाच्या नाही. रात्री बादलीत बुडवून पायल्या मी."