पंचवीस नऊची सगुणा

एका जंगलात, पोरांनो, पोट सगळ्यांना होतं, पण पोटदुखीला आकडा नव्हता. दुखलं की दुखलं. बेलफळ खायचं आणि गप पडून राहायचं. बरं वाटलं की उठायचं, नाही वाटलं की मरायचं. साधा कारभार होता.

मग तिथला सिंह परक्या जंगलाच्या दौऱ्यावर गेला. दौऱ्यावरून राजा कधी मोकळा येत नाही, काहीतरी खूळ घेऊन येतो. तिकडे म्हणे प्रत्येक आजाराला आकडा होता. आल्या आल्या त्याने हुकूम काढला, आपल्याकडेही आकडे पाहिजेत. आकडा नाही तर औषध नाही.

झालं. जांभळीखाली दवाखाना उघडला. डॉक्टर म्हणून करकोचा बसला, कारण त्याची चोच लांब. रोग्याने आ करायचा, करकोच्याने पार पोटापर्यंत मान घालायची, आत बघायचं आणि बाहेर यायचं. बघायचा चांगलं, खोटं कशाला बोलू. पण बोलायला महाग. एक शब्द टाकायचा की पुढचा रोगी. कमी बोललं की हुशार दिसतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

आकडे टाकायला सुतारपक्षी ठेवला. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचं आणि सालीच्या तुकड्यावर आकडा टोचायचा. तो तुकडा खारीला दाखवला की खार कोठारातून औषध काढून द्यायची. सुतारपक्ष्याला नोकरीच्या आधी दोन गोष्टी पढवल्या होत्या. डॉक्टर जे बोलले नाहीत, ते झालेलंच नाही. आणि डॉक्टरांना काही विचारायची वेळ आलीच, तर उत्तर आपण सुचवतोय असं वाटता कामा नये.

आता त्याच जंगलात सगुणा नावाची सायाळ होती. अंगभर काटे, पण जीव गरीब. तीन पिल्लं पदरात, नवरा वणव्यात गेलेला. दिवसभर रिकाम्या पोटी कंदमुळं उकरायची, पिल्लांना घालायची, उरलं तर आपण खायची. उरायचं नाही. पोट जळायचं. एक दिवस ती वाकली ती सरळच होईना, तेव्हा तिची नणंद हौसा तिला दवाखान्यात घेऊन आली. दोघींचं एरवी एका बिळात पटायचं नाही, ते सोडा.

करकोच्याने मान आत घातली. बाहेर काढली.

"व्रण," म्हणाला.

व्रण म्हणजे पोटाला आतून पडलेली जखम. सुतारपक्ष्याने अदबीने विचारलं, की व्रण जुना की नवा, रक्त वाहतंय की नाही, आरपार भोक पडलंय का. पण डॉक्टरांची मान तोवर पुढच्या रानगव्याच्या घशात गेली होती. तिथून काय उत्तर येणार?

ज्याच्याबद्दल काहीच सांगितलं नाही, त्या व्रणाचा आकडा पंचवीस नऊ. त्याचा अर्थ असा: व्रण आहे, बाकी माहीत नाही, म्हणून रक्त नाही, भोक नाही. बघा पोरांनो, माहीत नाही म्हणून नाही. तुम्ही पहिलीत असं लिहिलं असतंत तर बाईंनी कान पिळला असता.

सुतारपक्ष्याने पंचवीस नऊ टोचला. खारीने तुकडा बघून बडीशेप दिली.

बडीशेप घेऊन दोघी पायरीपर्यंत आल्या आणि सगुणा ओकली. नुसतं रक्त. सुतारपक्ष्याच्या पायांवर उडालं.

"आता बघितलंस ना?" हौसा म्हणाली. "टोच मग रक्ताचा आकडा."

"बघितलं, ताई. पण मी बघून चालत नाही."

"अरे मेल्या, तुझे पाय लाल झालेत."

"माझे पाय डॉक्टर नाहीत, ताई."

तो वाईट नव्हता. लगेच त्याने डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तयार करायला घेतला. आधी टोचलं, पायरीवर पडलंय ते रक्त आहे का. मग वाटलं, यात उत्तर सुचवलं जातंय. मग टोचलं, लाल पडलंय ते काय आहे. लाल म्हणजे पण सुचवल्यासारखंच. शेवटी टोचलं, "रोग्यापुढे काहीतरी पडलेलं आहे. त्याबाबत आपलं मत कळावं."

करकोच्याने गव्यातून मान काढली, वाचलं आणि म्हणाला, "पुसून घ्या." आणि तळ्यावर जेवायला गेला.

हौसा कोठाराकडे धावली. रक्त थांबवायचं औषध दे म्हणाली. खार ढोलीत शिरून आतून बोलली, की रक्त वाहणाऱ्या व्रणाचा आकडा पंचवीस चार, तो तुकडा आणा मावशी, एका उडीत देते. मग हौसाने झाडाची साल ओरबाडली, स्वतःचा काटा उपटला आणि त्याने आपल्या हाताने पंचवीस चार टोचून आणला.

खारीने तो उजेडात धरला. "ही टोच चोचीची नाही, काट्याची आहे," म्हणाली आणि परत दिला. वर बजावलं, की आज सोडते, पुन्हा असं करू नका.

हौसा परतली तेव्हा सगुणाने पायरीवर डोकं टेकलं होतं.

"वन्सं, बसा आता. धावू नका," ती म्हणाली. "पिल्लांना भूक लागली असेल, घरी जा."

तेवढं बोलली आणि मेली.

आता खरी पंचाईत झाली, पण ती सुतारपक्ष्याची. पंचवीस नऊने कुणी मरत नाही. तशी सोयच नाही. पुन्हा प्रश्न गेला. जेवून आलेल्या करकोच्याने सगुणाकडे पाहिलं आणि एकदम दोन शब्द बोलला.

"हृदय बंद."

हे मात्र खरं होतं. जो मरतो त्याचं हृदय बंद असतंच. तसा आकडा टोचला गेला. पुढे पोटाचे असे जेवढे रोगी पायरीवर मेले, त्या सगळ्यांना तोच.

वर्षअखेरीला सिंहापुढे सगळ्या साली मांडल्या. पोटाच्या रोगाने एकही मेला नव्हता. सिंहाने करकोच्याला आख्खं तळं बहाल केलं. पण हृदयाचे आकडे बघून तो चिंतेत पडला. प्रजेची हृदयं फारच कच्ची निघाली. त्याने हुकूम काढला, की हृदय दणकट व्हावं म्हणून सगळ्यांनी रोज सकाळी माळावर धावायचं. राजा स्वतः देखरेख करेल, मागून.

हरणं धावली, ससे धावले. जे मागे पडले त्यांचीही नोंद हृदय बंद अशीच झाली. त्यातही खोटं काही नव्हतं.

हौसा तेवढी गेली नाही. वहिनीची तिन्ही पिल्लं पाठीशी घालून, काटे उभे करून ती बिळाच्या तोंडाशी बसली. तिला बोलवायला कुणी आलं नाही.

तात्पर्य: रोग्याने खुशाल मरावं, पण सालीवर टोचलेल्या रोगानेच मरावं. भलत्याच रोगाने मरून शिकल्यासवरलेल्यांना कामाला लावू नये.