अवतरणचिन्हांतलं दूध

सूनबाईचा प्रबंध ग्रंथालयातल्या यंत्रातून बाहेर आला तो लालेलाल होऊन. त्या यंत्राला प्रबंध भरवला, की कुठलं वाक्य कुणाचं उचललंय ते लाल रंगात दिसायचं. आणि यंत्राचं म्हणणं असं, की तिसरं प्रकरण अख्खंच्या अख्खं चोरीचं. चोरी कुणाच्या घरची? तर खुद्द तिच्या मार्गदर्शक सरांच्या लेखातली!

"मॅडम, नियम सोपा आहे," ग्रंथपाल म्हणाले. "दुसऱ्याचं वाक्य असलं की दोन्हीकडे अवतरणचिन्हं आणि खाली तळटीप. नाहीतर पदवी विसरा."

"अहो, पण वाक्यं माझी आहेत!"

"लेख सरांच्या नावावर छापलाय. यंत्राला तेवढंच कळतं."

झालं होतं असं. सूनबाईचा विषय होता जिन्यांतल्या, दारांवरच्या पाट्या. 'लिफ्टचं दार लावा', 'इथे सायकल ठेवू नये', 'बेल एकदाच वाजवा'. माणसं एकमेकांना हुकूम कशी सोडतात, हे शोधत ती इमारती पालथ्या घालायची. तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा तिने सरांना वाचायला दिला. सरांना तो आवडला. इतका आवडला, की त्यांनी तो आपल्याच नावाने छापून टाकला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

ती तावातावाने सरांकडे गेली. सर खुर्चीत रेलून बसले होते.

"अगं, एवढं काय त्यात? घाल चिन्हं, टाक माझं नाव. मी कधी नाही म्हटलंय?"

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा आपण ऐकलेल्या असतात, पण हा चोर वर दानशूरही निघाला.

घरी नवऱ्याने समजूत काढली. "घाल ना दोन चिन्हं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पदवी मिळाली की कॉलेजात कायम होशील. नाही मिळाली तर आहे तीही नोकरी जाईल."

"आपल्या पोराला उद्या शेजाऱ्याचं आडनाव लावू का?"

नवरा भाजी चिरायला लागला.

सूनबाई सरांचा लेख घेऊन बसली. ओळ न् ओळ तिचीच. वाचता वाचता राग मस्तकात जात होता, आणि एका ओळीशी ती थबकली. मग हसायला लागली ती थांबेचना. लेखात लिहिलं होतं : 'घराच्या दाराशी आलेला माणूस आज्ञा पाळायलाच उभा असतो. दूध बंद कर. म्हणूनच पाटीला उत्तर देता येत नाही.'

टाइप करता करता सासूबाईंनी स्वयंपाकघरातून मारलेली हाक तिच्या बोटांतून सरळ खर्ड्यात उतरली होती. नंतर तिने ती आपल्या प्रतीतून खोडली. सरांना कोण सांगणार?

तिने विद्यापीठात तक्रार ठोकली. चौकशीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई मधे बसल्या, बाजूला सर. सूनबाईने ते वाक्य वाचून दाखवलं आणि म्हणाली, "हे या लेखात आलं कुठून, तेवढं सरांनी सांगावं."

सरांच्या कपाळावर घाम आला, पण माणूस मुरलेला. "ते... ते प्रतीकात्मक आहे. दूध म्हणजे वात्सल्य. सत्ता वात्सल्य तोडते, असा त्याचा आशय."

सूनबाई काही बोलणार, तोच अध्यक्षबाई जोरात मान हलवून म्हणाल्या, "अगदी बरोबर. लेखातलं सगळ्यात खोल वाक्य आहे ते. मी स्वतः माझ्या पुस्तकात उद्धृत केलंय. अवतरणचिन्हांत, तळटिपेसकट."

आली का पंचाईत! आता खरं बोलायचं म्हणजे सरांसोबत अध्यक्षबाईंनाही तोंडघशी पाडायचं. समोर नोकरी, समोर पदवी. कुणी शहाणं असतं तर मूग गिळून बसलं असतं. सूनबाईने फोन काढून स्पीकर चालू केला.

"आई, खर्डा टाइप करत होते तेव्हा 'दूध बंद कर' कोण म्हणालं होतं?"

"कोण म्हणणार? मी!" सासूबाईंचा आवाज खोलीभर घुमला. "आणि तू केलंस का बंद? हूं हूं करत टकटक करत बसलीस. सगळं उतू गेलं. ओटा कोणी पुसला? मी! तिथे कोणी मोठी माणसं असतील तर त्यांनाही सांग."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सरांकडे वळल्या.

"तुमच्याकडे दूध कोण तापवतं?"

"मी एकटाच असतो," सर पुटपुटले. "चहासुद्धा बाहेरच घेतो."

"मग हे वात्सल्य कुणाच्या ओट्यावर सांडलं, ते कळलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, पण बाई खमकी. "प्रबंध मंजूर. चिन्हं घालायची गरज नाही. सर, तुम्ही खुलासा छापायचा. आणि माझ्या पुढच्या आवृत्तीत मी तळटीप बदलते. सासूबाई, स्वयंपाकघर, तोंडी."

बातमी ऐकून सासूबाई अभिमानाने फुगल्या. पुस्तकात नाव येणार म्हणजे काय! त्या दिवसापासून त्यांनी नुसतं 'मीठ दे' म्हटलं, तरी सूनबाईचा नवरा विचारायचा, "लिहून घेऊ का?"

आठवड्याने सरांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड.

"अगं, तो खुलासा छापायचाय ना. तुला विषय चांगला माहितीये. मसुदा तूच करून दिलास तर बरं पडेल. मी मग खाली सही..."

तेवढ्यात आतून हाक आली. "अगं ए, दूध बंद कर!"

"सर, खुलासा तुमचा तुम्हीच लिहा," सूनबाई उठत म्हणाली. "मला दूध बंद करायचंय."

या वेळी तिने ते वेळेवर बंद केलं.