विषात भेसळ

ते साल शहात्तरचं. मोठा दुष्काळ मागं पडला होता, आणीबाणीला वर्ष होऊन गेलं होतं, आणि सांगली-तासगाव रस्त्यावरच्या एका फाट्यावर नाथाजी हवालदारांचं औषधाचं दुकान चांगलं चालू लागलं होतं. त्या भागात माणसाच्या औषधाला डॉक्टरचं औषध म्हणतात. नुसतं औषध म्हटलं की ते पिकावरचं. नाथाजी मूळचे माणचे. फौजेतून सुटून आले तर गावाकडच्या विहिरीत खडखडाट. म्हणून बायकोच्या माहेराजवळ, द्राक्षबागांच्या मुलखात त्यांनी दुकान टाकलं. पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक दार. त्या दारानंच पुढचा सगळा घोटाळा केला.

पूर्वी विष विकायला फार काही लागत नसे. मग कायदा आला. दुकानाला परवाना आला, डब्यांवर रंगीत चौकटी आल्या. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, वर कवटी आणि 'विष' ही अक्षरं. हिरवी म्हणजे त्यातल्या त्यात गरीब. शिवाय औषधाच्या दुकानात खाण्याचा जिन्नस ठेवायचा नाही. ठेवला की परवाना गेला. नाथाजींना हा कायदा मनापासून आवडला. फौज सोडल्यापासून त्यांना कुणी हुकूमच दिला नव्हता.

त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, त्या लाल चौकटीचा वेगळाच उपयोग सुचला.

त्यांची लेक अंजना साताऱ्यात दिली होती. पहिलं बाळंतपण, माहेरी येणार होती. शालूबाईंनी डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. पण नाथाजींना गोडाची भारी ओढ, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी साखर निघाल्याचं सांगून गोड बंद केलेलं. शालूबाईंनी लाडू ज्वारीच्या कणगीत लपवले, तिथं सापडले. वाकळांच्या घडीत लपवले, तिथंही सापडले. अखेर त्यांनी तुपाचा रिकामा डबा घेतला, लाडू भरले आणि त्यावर लाल चौकटीचं लेबल चिकटवून डबा थेट दुकानाच्या फळीवर, जहाल औषधांच्या रांगेत ठेवला. लाल चौकटीला हात लावायचा नाही, असं स्वतः नाथाजीच गिऱ्हाइकांना सांगायचे.

फक्त डबा तुपाचा आहे हे ओळखू येत होतं. त्यावर कागद गुंडाळायला हवा होता.

कागद होता. शालूबाईंचा धाकटा भाऊ आप्पासो शेतीचं शिकायला अमेरिकेत गेला होता आणि तिथलं एक मासिक पोस्टानं पाठवायचा. ते मुंबईत सरकार आधी वाचायचं आणि मग फाट्यावर यायचं. एका अंकात टोळधाडीचा नकाशा होता. त्यात आपल्या देशाची सीमा कुठंतरी चुकली होती, म्हणून त्यावर इंग्रजी शिक्का मारलेला: या नकाशातल्या सीमा बरोबर नाहीत आणि अधिकृतही नाहीत. खालचा मजकूर तर सरळ काळ्या शाईनं पुसलेला.

"काय असंल खाली?" नाथाजींनी शेजारच्या गुंडा चहावाल्याला विचारलं होतं.

"काळं केलंय म्हंजे खरं असणार," गुंडा म्हणाला, आणि लगेच इकडंतिकडं बघून गप्प बसला.

ते पान कुणाच्या कामाचं नव्हतं. शालूबाईंनी तेच डब्याभोवती गुंडाळलं आणि वर लेबल लावलं. लेबलाखाली नकाशा आणि शिक्क्याचा सुरुवातीचा भाग झाकला गेला. उरलं एवढंच: 'बरोबर नाही आणि अधिकृतही नाही.' शालूबाईंना इंग्रजी येत नव्हतं. डबा मात्र साहेबी दिसत होता.

परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं तसा निरीक्षक शिंत्रेसाहेबांचा निरोप आला, सोमवारी दहा वाजता तपासणी. दहा म्हणजे दुपारचे चार, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक होतं. जेवणं उरकून डबा आत नेऊ, असं शालूबाईंनी ठरवलं. पण ती आणीबाणी होती. साहेब दहाला आले.

त्यांनी वजनकाटा पाहिला, परवाना पाहिला, फळ्या पाहिल्या. मग ते डब्यापाशी थांबले.

"हवालदार, हे काय?"

"औषध, साहेब."

"कुठल्या कंपनीचं?"

नाथाजींनी डब्याकडं पाहिलं, मग मधल्या दारात उभ्या असलेल्या शालूबाईंकडं पाहिलं. "परदेशी हाय," ते म्हणाले.

साहेबांनी चष्मा पुसून शिक्का वाचला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बरोबर नाही आणि अधिकृतही नाही! हवालदार, सरकारनं स्वतः शिक्का मारून हे औषध नाकारलंय. माहिती काळी केलीय. आणि तुम्ही ते उघड्यावर ठेवता?"

शालूबाई दारातून सगळं ऐकत होत्या. लाडू आहेत म्हणावं, तर औषधाच्या दुकानात खाण्याचा जिन्नस. परवाना आत्ताच्या आत्ता जाणार. गप्प राहावं, तर बिनपरवान्याचं परदेशी विष. परवाना गेला तर पुन्हा माणच्या कोरड्या विहिरीच्या काठावर जाऊन बसायचं, तेही लेक बाळंतपणाला यायची असताना. दाराची चौकट धरून त्या गप्प राहिल्या.

साहेबांनी पंच म्हणून गुंडाला बोलावलं, नाकाला रुमाल बांधला आणि चिमट्यानं झाकण उघडलं. सुंठीचा आणि तुपाचा घमघमाट दुकानभर पसरला.

"उग्र आहे," साहेब रुमालातून म्हणाले. "लिहा, गोळी स्वरूपातील, तपकिरी. कशावर वापरतात?"

नाथाजी गप्प. शालूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अशक्तपणावर."

"पिकाच्या?"

"व्हय. पयल्या खेपंला तर लागतंच."

"पहिल्या बहाराला," साहेबांनी लिहून घेतलं. "प्रमाण?"

"सकाळी एक."

"वैनी," गुंडा हळूच म्हणाला, "आन दूध?"

"गुंडाभावजी, तुमी पंच हायसा. गप ऱ्हावा."

नियमानं नमुन्याचे तीन भाग करायचे होते: एक प्रयोगशाळेला, एक साहेबांकडं, एक दुकानदाराकडं. लाडू बाटलीच्या तोंडात जाईनात, तेव्हा साहेबांनी ते खलबत्त्यात कुटले. साताऱ्याच्या पेठेतून आणलेला डिंक, घरच्या म्हशीचं तूप. शालूबाई एकेक घाव मोजत होत्या. आणि लाडू काढायला डबा कलता केला तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. काठोकाठ भरलेला डबा अर्धा रिकामा होता. हे त्यांना कुणापाशी बोलताही येईना.

बाटल्यांना लाख लागली. डब्यालाही लागली. भोवतीचं पान लेबलासकट सोडवून साहेबांनी ते मजकूर आक्षेपार्ह आहे का हे विचारायला मुंबईच्या खात्याकडं धाडलं. अहवाल येईपर्यंत परवाना अडकला. आपल्या वाट्याची बाटली नाथाजींनी देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ सील तपासू लागले.

पुढचं काम गुंडाच्या हॉटेलनं केलं. हवालदारांकडं अमेरिकेचं औषध आलंय, सरकारनं त्याला काळं फासलंय, म्हणजे किती जालीम असेल बघा! दुसऱ्या दिवसापासून बागायतदारांची रीघ लागली.

"द्राक्षावरची भुरी हटना बगा, हवालदार. त्ये काळ्या कागदातलं द्या की वाईच."

माणहून बिराप्पा धनगर एस. टी. नं आला. "मेंढ्यांच्या गोचडीवर चालंल का?"

"न्हाई," नाथाजींनी खरं ते सांगितलं. "मेंढी खाऊन टाकंल."

"मंग तर लईच जालीम!" बिराप्पा हात जोडून परत गेला आणि सगळ्या तालुक्याला सांगत सुटला.

इकडं अंजना आली आणि चार दिवसांत बाळंतही झाली. मुलगा झाला. बाजेवर बसून तिनं विचारलं, "आये, लाडू कुटं हायत?"

"सरकारच्या ताब्यात हायत, बाळ."

"लाडूबी?" अंजना म्हणाली. त्या वर्षी सरकारच्या ताब्यात काय काय गेलं होतं त्याचा नेम नव्हता, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

अखेर साहेब अहवाल घेऊन आले. दुकानात शिरून त्यांनी दार लोटून घेतलं. गुंडा पंच म्हणून आतच राहिला. साहेबांनी अहवाल वाचला:

"नमुन्यात गूळ, खोबरे, खारीक, डिंक, सुंठ व साजूक तूप आढळले. विषाचा अंश शून्य. सबब सदर विष पूर्णतः भेसळयुक्त आहे. नमुना तपासणीत संपूर्ण खर्ची पडला. खात्रीसाठी आणखी नमुना, शक्यतो वाढीव प्रमाणात, पाठवावा."

साहेबांनी अहवालाची घडी केली.

"बाई, हे लाडू होते?"

"व्हय."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाडू म्हणलं असतं तर परवाना जाग्यावर गेला असता. गप बसलं तर तुरुंग व्हता. तुरुंगाला येळ लागतो, साहेब."

साहेबांनी पंचनामा काढून समोर ठेवला. तुपाच्या वासाला 'उग्र' म्हटलं होतं, खाली सही त्यांचीच. लाडू म्हणावेत तर दुकान बंद, आणि आणीबाणीत डिंकाच्या लाडवाचा पंचनामा करणारा अधिकारी म्हणून स्वतःचं नाव जिल्ह्यात. विष म्हणावं, तर त्यात विष नाही.

"साहेब, तुमच्याकडची बाटली?" नाथाजींनी विचारलं.

साहेबांनी भिंतीकडं पाहिलं. "ऑफिसात उंदीर फार आहेत."

"मेलं का?"

"नाही."

"मंग औषध निकामीच म्हनायचं की!"

साहेबांची मान हळूहळू वर आली. त्यांनी पेन उघडलं आणि लिहिलं: 'औषध निकामी. उंदरांवरही परिणाम नाही. शिल्लक साठा निरीक्षक व पंच यांच्यासमक्ष तात्काळ नष्ट करावा. परवान्यास हरकत नाही.'

"नष्ट म्हंजे, साहेब," गुंडानं घसा साफ केला, "कसं नष्ट?"

"कसं ते कायद्यात दिलेलं नाही," साहेब म्हणाले.

दुकानात खाण्याचा जिन्नस चालत नाही म्हणून डबा मधल्या दारातून घरात नेला. सील तोडलं. अंजनाच्या पुढ्यात ताट भरून ठेवलं, तिनं आपला वाटा नष्ट करायला सुरुवात केली. गुंडानं पंच या नात्यानं केला. साहेबांनी दोन नष्ट केले, तिसरा रुमालात बांधून घेतला. नाथाजींनी हात पुढं केला.

"आवं, तुमाला न्हाई," शालूबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. माझा वाटा मी आदीच नष्ट केलाय."

"म्हंजे? तुमाला ठावं व्हतं? विषाचं लेबल बघूनबी भ्या वाटलं न्हाई?"

"अगं, फौजेत रमच्या खोक्यावर आमी 'स्फोटक' लिवायचो. फळीवर डबा दिसला तवाच वळकला."

"आन साहेबापुढं गप का बसलासा?"

"तू गप व्हतीस, म्हनून मीबी गप." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "सुंठ वाईच कमी पडली व्हती."

मुंबईच्या खात्याचं उत्तर पुढच्या वर्षी, आणीबाणी उठल्यावर आलं. सोबतचा नकाशा चुकीचा असल्याची खात्री करण्यात आली आहे, असं त्यात होतं, आणि पानावर दुसरा शिक्का होता. नाथाजींनी ते पान काच लावून परवान्याशेजारी टांगलं. शिंत्रेसाहेब बढती मिळून गेले आणि निवृत्त झाल्यावर खंडाळ्याला राहिले. प्रयोगशाळेकडून वाढीव नमुन्याचं स्मरणपत्र त्यांच्यामागून बरीच वर्षं फिरत होतं. आप्पासो अमेरिकेतच राहिला, मासिक मात्र पाठवत राहिला. गुंडाच्या हॉटेलचं पुढं परमिट रूम झालं. अंजनाच्या मुलाचं नाव बारशाला मोठं थाटाचं ठेवलं होतं, पण फाट्यावर त्याला सगळे 'नमुना'च म्हणायचे. आता तो कुपवाडला कारखान्यात फोरमन आहे आणि तिथंही तेच नाव पोचलं आहे.

नाथाजी डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जगले. ते गेल्यावरही शालूबाई दर हिवाळ्यात लाडू करायच्या. आता लेबल लावत नसत, लपवतही नसत. डबा स्वयंपाकघरातल्या उघड्या फळीवर असायचा, आणि थंडी सरली तरी काठोकाठ भरलेला असायचा.