गाडी खलास

ॲल्फ्रेड तुस्कानोला गाडी चालवता येत नव्हती, आणि ही गोष्ट आपल्याशिवाय सबंध दुबईत कुणालाही ठाऊक नाही अशी त्याची पक्की खात्री होती. बायकोलासुद्धा त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. नुसती चालवता येत नाही एवढंच असतं तर कुणी विचारलंही नसतं. मेट्रो आहे, टॅक्सी आहे. पण ॲल्फ्रेडच्या मालकीची गाडी होती! आणि तीही साधीसुधी नव्हे, १९७० सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची अमेरिकन मसल कार. मॉडेलचं नाव मी सांगत नाही, शौकीन लोक लगेच वाद घालायला बसतात.

ती त्यानं विकत घेतली नव्हती. त्याच्या कंपनीचे अमेरिकन मॅनेजर अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन आडवे पडले होते, तेव्हा ॲल्फ्रेडनं अकरा दिवस आपल्या बायकोच्या, थेरेसाच्या हातची पेज त्यांना नेऊन दिली होती. कायमचं घरी परतताना साहेबांनी डोळ्यांत पाणी आणून गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मग काय, ॲल्फ्रेडनं ड्रायव्हिंग टेस्ट द्यायला सुरुवात केली. ओव्हरटाइम आहे असं घरी सांगून त्यानं नऊ टेस्ट दिल्या आणि नऊही वेळा फेल झाला. नवव्यांदा फेल होऊन घरी आला तेव्हा दारात शेजारी उभे होते. कुणीतरी त्याला टेस्ट सेंटरवर पाहिलं होतं. "काय, पास ना?" असं चौघांनी एकदम विचारलं, आणि ॲल्फ्रेडच्या तोंडून निघून गेलं, "पास!"

दुसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की गाडीचा कार्बोरेटर गेला, आणि तो आता कुठंच मिळत नाही. रास अल खोरला कंपनीच्या शेडमध्ये गाडीवर ताडपत्री पडली ती सव्वीस वर्षं. एवढ्या काळात ॲल्फ्रेडनं ड्रायव्हिंगवर इतकी भाषणं दिली की करामातल्या त्याच्या बिल्डिंगमधली नवी पोरं टेस्टच्या आदल्या दिवशी त्याचा सल्ला घ्यायला येत. आणि पासही होत.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ केला तो यूनुसनं, आणि तोही उपकाराची फेड म्हणून.

यूनुस मूळचा दाभोळचा. अठरा वर्षांपूर्वी एजंटनं फसवून त्याला इथं आणून सोडलं होतं, तेव्हा ॲल्फ्रेडनं त्याला सात महिने आपल्या हॉलमध्ये झोपवलं आणि धावपळ करून नोकरी लावून दिली. आता त्याचं रास अल खोरला स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि ॲल्फ्रेडच्याच बिल्डिंगमध्ये दोन मजले वर घर होतं. यंदा ॲल्फ्रेड-थेरेसाच्या लग्नाला पस्तीस वर्षं होणार हे कळल्यावर तो थेट हॉलमध्ये येऊन बसला.

"ॲल्फ्रेडभाई, त्या दिवशी तुम्ही भाभीला तुमच्या गाडीत बसवून चर्चला न्यायचं. गाडी मी चालू करून देतो."

ॲल्फ्रेडनं चहाचा कप खाली ठेवला. "अरे, कार्बोरेटर मिळत नाही तिचा."

"अमेरिकेहून ऑर्डर केला. गुरुवारी येतोय."

"केवढा खर्च! नुसत्या चाकांनाच तीन हजार दिरहॅम लागतील, म्हणजे सत्तर हजार रुपये!"

"तुम्ही मला सात महिने जेवायला घातलं, तेव्हा रुपयात कन्व्हर्ट केलं होतं काय?"

तेव्हा ॲल्फ्रेडनं वेगळी शक्कल काढली. काम इतकं अवघड करून ठेवायचं की यूनुस कंटाळून सोडून देईल.

"करायचीच तर नुसती चालू करून उपयोग नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "त्या काळात शौकीन लोक गाडी सजवायचे ना, अगदी तशी पाहिजे. मागून उचललेली. मागे रुंद टायर. पाच काड्यांची चाकं. दारांखालून जाणारे साइड पाइप. बॉनेटवर हवा खेचायचं तोंड. आणि डॅशबोर्डमध्ये तो जुना जाड कॅसेटचा टेप! ब्लूटूथ-बिटूथ लावशील तर मी गाडीला हात लावणार नाही."

यूनुस मोबाइलवर सगळं टाइप करत होता. "आणखी?"

"आणखी... काळे पट्टे! स्टिकर चालणार नाही. हातानं रंगवलेले, ब्रशनं!"

आता याला ब्रशनं पट्टे मारणारा कुठला मिळतोय, असं म्हणत ॲल्फ्रेड त्या रात्री शांत झोपला. पण यूनुसचे इद्रीसमामू खाडीवर लाँचींना रंग देत होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. त्यांनी एका दमात, पट्टी न लावता, बॉनेटपासून डिकीपर्यंत असे सरळ पट्टे ओढले की यहया मेकॅनिकनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

हा यहया येमेनी. चार महिने तो आणि यूनुस सुट्टीच्या दिवशी गाडीखाली आडवे होते. पेट्रोलच्या टाकीतून वाळू निघाली, सीटमधून कबुतराचं घरटं निघालं, इंजिन तर असं जाम झालेलं की आठवडाभर तेल पाजून हातानं फिरवावं लागलं. यूनुस दर वेळी फोटो पाठवी आणि ॲल्फ्रेड दर वेळी अंगठा पाठवी. तेरा किलोचे साइड पाइप शारजातल्या भंगारात सापडले तेव्हा ॲल्फ्रेडनं दोन अंगठे पाठवले आणि बीपीची गोळी घेतली. गाडीचं पासिंग झालं. कागदांची सबब सांगावी, तर तेही सध्या यूनुसनं स्वतःच्या नावावर करून घेतले. आता बायकोसमोर, चर्चसमोर आणि सगळ्या बिल्डिंगसमोर सव्वीस वर्षांचं खोटं उघडं पडणार, हे स्पष्ट होतं.

लग्नाच्या वाढदिवसाचा शनिवार उजाडला. सकाळी यूनुस घाईत मोबाइल घरीच विसरून दुकानात गेला. तो वाजला, आणि उचलला मैमुनाबीनं. मैमुनाबी म्हणजे यूनुसची आई, दाभोळहून व्हिजिटवर येऊन तिला जेमतेम नऊ दिवस झाले होते. फोनवर यहया आनंदानं ओरडत होता.

"अलो, यूनुस! गाडी खलास! पूरा खलास! काम तमाम!"

मैमुनाबी मटकन खाली बसली. "अरे बाबा, आग-बिग लागली काय?"

"ऐवा, ऐवा!" यहयाला मराठीचा गंध नव्हता, पण होकार द्यायला त्याचं काय जात होतं?

"काहीच नाही उरलं?"

"ऐवा! खलास, तमाम!"

झालं! ज्या माणसानं पोराला घरात घेतलं, त्याचीच गाडी पोरानं जाळली. यूनुसला कळलं तर पोटात घास जाणार नाही, म्हणून तिनं मोबाइल बंद करून उशीखाली घातला, सकाळीच केलेलं सांदण ताटलीत घेतलं, आणि ओढणी सावरत दोन मजले उतरून ॲल्फ्रेडच्या दारात उभी राहिली.

"भावा, कुठल्या तोंडानं सांगू? गाडी खलास झाली."

इथंच सगळी गडबड झाली. हाच शब्द यहयानं त्याला सांगितला असता तर पस्तीस वर्षं आखातात काढलेल्या ॲल्फ्रेडला तत्काळ कळलं असतं की गाडी तयार झाली. अरबी लोक जेवण झालं तरी खलास म्हणतात आणि लग्न ठरलं तरी खलास म्हणतात. पण मैमुनाबी बोलत होती मराठीत, डोळे पुसत. आणि मराठीत जे खलास झालं ते खलासच झालं.

ॲल्फ्रेडला इतका आनंद झाला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. मैमुनाबीला वाटलं, धक्का बसला.

"माझ्या पोराला बोलू नका हां, भावा. त्यानं जीव लावून काम केलं होतं."

"त्याला कशाला बोलेन? सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलं हो त्यानं," ॲल्फ्रेड म्हणाला, आणि हे मात्र अगदी मनापासून. पोराचे चार महिने मातीत गेले म्हणून त्याला खरोखर वाईट वाटलं. ते वाईट वाटणं सुमारे पाच मिनिटं टिकलं. मग तो दाढी करता करता शीळ घालू लागला. थेरेसानं बातमी ऐकली, "अरेरे" म्हणाली आणि ड्रेसला इस्त्री करत राहिली.

संध्याकाळपर्यंत बातमी तेरा मजले फिरली. चर्चला जायला दोघं खाली उतरले तेव्हा लॉबीत वीस-पंचवीस माणसं फुलं घेऊन उभी होती. अर्धी अभिनंदनाला, अर्धी सांत्वनाला. थेरेसाची मैत्रीण टेसा तर रुमालच काढून आली होती. एवढा श्रोतृवृंद समोर असताना ॲल्फ्रेडला राहवेना.

"गाडी असती ना," तो भरल्या गळ्यानं म्हणाला, "तर आज मी स्वतः थेरेसाला चर्चपर्यंत नेलं असतं. एक फेरी! फक्त एक फेरी मारायला मिळाली असती, तरी मी देवाकडं दुसरं काही मागितलं नसतं!"

देवानं लगेच ऐकलं. रस्त्यावरून असा गडगडाट आला की लॉबीच्या काचा थरथरल्या आणि पार्क केलेल्या तीन गाड्यांचे अलार्म वाजू लागले. दारासमोर ती येऊन उभी राहिली. लालभडक, मागून उचललेली, काळ्या पट्ट्यांची, दोन्ही बाजूंनी पाइप चमकवत. आतून यूनुस उतरला, शर्टभर ग्रीस आणि चेहराभर हसू.

"या अल्ला! ही जळाली नाही?" मैमुनाबी ओरडली.

"दादी, खलास मीन्स रेडी!" यूनुसची मुलगी नबिला कपाळावर हात मारून म्हणाली. "इट्स अरेबिक!"

यूनुसनं किल्ली ॲल्फ्रेडच्या हातावर ठेवली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "भाई, अठरा वर्षं मला तुमच्यासाठी काहीतरी करायचं होतं. यल्ला, मारा फेरी!"

"इन्शुरन्स...?" ॲल्फ्रेड पुटपुटला.

"आहे."

"पेट्रोल?"

"फुल टँक."

"माझा चष्मा वर राहिला."

"डोळ्यांवर आहे, भाई."

लोक टाळ्या वाजवायला लागले. "एक फेरी! एक फेरी!" ॲल्फ्रेडनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आता सरळ सांगून टाकावं, असं ठरवून तो वळला आणि म्हणाला, "थेरेसा, मला तुला एक सांगायचंय..."

"चर्चला उशीर होतोय," थेरेसा म्हणाली, आणि तिनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "आणि लग्न काय तुझ्या एकट्याचं झालं होतं? आज मी चालवणार."

यूनुस घाबरून म्हणाला, "भाभी, तीनशे हॉर्सपॉवर आहे! लायसन्स लागेल..."

थेरेसानं पर्समधून लायसन्स काढून त्याच्या नाकासमोर धरलं, पर्स ॲल्फ्रेडकडं दिली, ड्रेस आवरून आत बसली आणि सीट पुढं ओढली. क्लच, गिअर, आरसा. ॲल्फ्रेड पर्स घेऊन पलीकडं जाऊन बसला.

"बघा, मन किती मोठं!" मागून कुणीतरी म्हणालं. "सव्वीस वर्षं वाट बघितली, आणि पहिली फेरी बायकोला दिली!" पुन्हा टाळ्या पडल्या.

पहिला सिग्नल मागं पडला.

"केव्हापासून?" ॲल्फ्रेडनं विचारलं.

"नव्याण्णवपासून. तुला सरप्राइज द्यायचं होतं. टेस्टला गेले, बायकांच्या बाकावर बसले होते, तर समोर पुरुषांच्या बाजूला तू. तू फेल झालास, आणि अर्ध्या तासानं मी पास झाले. घरी येते तर तू सगळ्यांना पास म्हणून सांगितलेलं. मग माझं कार्ड कुठल्या तोंडानं दाखवू?"

"पण मग सवय... एवढी वर्षं?"

"दर गुरुवारी टेसाबरोबर मार्केटला जाते ना मी? तिची गाडी कोण चालवतं, वाटलं तुला?"

ॲल्फ्रेडनं मांडीवरची पर्स सरळ केली. "म्हणजे कार्बोरेटरचं..."

"ॲल्फी, तू नळाची चावी बदलू शकत नाहीस. कार्बोरेटर गेला हे तुला कळलं कसं, एवढंच मला सव्वीस वर्षं विचारायचं होतं."

ॲल्फ्रेडला हसू आलं. त्यानं गिअरवरच्या तिच्या हातावर हात ठेवला. "थँक यू, थेरू."

"कशाबद्दल?"

"विचारलं नाहीस त्याबद्दल."

"हात काढ," थेरेसा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली. "थर्ड टाकायचाय."

त्यानंतर दर रविवारी सकाळी कंपनीच्या शेडमागच्या मोकळ्या आवारात थेरेसा त्याला शिकवायला लागली. तीन महिन्यांनी ॲल्फ्रेडनं दहाव्यांदा टेस्ट दिली, आणि दहाव्यांदा फेल झाला. पण या खेपेला त्यानं लॉबीत उभं राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं, "फेल! आणि याआधी नऊ वेळा फेल! मला आजतागायत लायसन्सच मिळालेलं नाही!" लोक आधी चाट पडले, मग पोट धरून हसले, आणि ॲल्फ्रेडला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं.

गर्दी पांगल्यावर यूनुस हळूच जवळ आला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि ॲल्फ्रेडच्या कानाशी लागला.

"भाई, तुमचे लई उपकार. आता तरी कुणाला तरी सांगता येईल. मी बाराव्या वेळी पास झालो."