विषय : मला रागावण्याबाबत

कॅन्सर झालेल्या पोराचा अर्ज ‘समास सोडला नाही’ म्हणून परत करणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल?

मी ‘हृदयशून्य नोकरशहा’ म्हणालो होतो. तोंडावर.

“नोकरशहा न्हाई, आवक-जावक कारकून,” सोनकांबळे काका म्हणाले. “आन् निवृत्त. माहिती तपासून शिव्या देत जा.”

काका नांदेडला आमच्या गल्लीत एकटेच राहतात. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं : दवाखान्यातल्या मोठ्या आजाराच्या लेकरांची एकेक इच्छा पुरी करायची. पण इच्छा तोंडी चालत नाही. कागदावर अर्ज, वर विषय, खाली सही. लिहिता येत नसेल तर अंगठा.

हदगावच्या एका बापानं लेकासाठी कॉम्प्युटर मागितला, तर काकांनी लाल शाईत शेरा मारला, ‘ही मागणी अर्जदाराची नसून अर्जदाराच्या वडिलांची आहे.’ पोराला विचारलं, तर त्याला जेसीबी चालवायचा होता. चौथ्या दिवशी दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत जेसीबी हजर. चादरीत गुंडाळलेल्या पोरानं एक खड्डा खणला आणि लगेच बुजवला. रेणापूरच्या एकाला घरची शेळी भेटायला हवी होती. काकांनी तीही जीपमधून आणली. शेळीनं आल्या आल्या अर्ज खाल्ला. “निकाली निघायच्या आधीच खाल्लास व्हय गं!” काका तिच्यावर अर्धा तास ओरडत होते.

ओरडणं हा त्यांचा स्वभावच. रिक्षावाला, वॉर्डबॉय, मोठे डॉक्टर, कुणी सुटत नाही. मी तर नाहीच. मी पडलो मोर्चे-घोषणांतला; कॅन्सरचं औषध जिल्ह्यातच मिळालं पाहिजे म्हणून पत्रक काढलं होतं : ‘लाड नकोत, हक्क हवेत!’ काकांनी ते लाल गोल मारून परत दिलं. “मागणी बरोबर हाय. पण कुणाकडं करून राहिलास, त्ये लिवलंच न्हाई. वाऱ्याला देतूस का पत्रक?”

दुसरं पत्रक मी त्यांच्याकडून तपासून घेतलं. तेव्हापासून त्यांची पिशवी धरून फिरतो.

मग जळकोटच्या प्रणालीचा अर्ज आला. वय नऊ, रक्ताचा कॅन्सर. औषध लागू पडतंय असं डॉक्टर सांगत होते, पण तिला ते पटत नव्हतं. का, ते अर्जात होतं.

‘विषय : मला रागावण्याबाबत. मी आजारी पडल्यापासून आई रागावत नाही. दूध सांडलं तरी नाही. शेजारच्या काकू पण रागावत नाहीत. म्हणजे मी मरणार आहे. तरी कुणीतरी एकदा रागावावे ही विनंती.’

काकांनी दोनदा वाचला. लाल पेन खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका तिच्या खाटेपाशी उभे राहिले. घसा खाकरला. तोंड उघडलं. आणि बाहेर काय आलं? “जेवलीस का, बाळा?”

प्रणालीनं माझ्याकडं पाहिलं. “ह्ये काका बी तसलेच हायेत.”

“काका, रागवा नं!” मी कुजबुजलो.

“तू गप ऱ्हा रे!” काका माझ्यावर खेकसले. आवाज सापडल्यासारखा त्यांनी अर्ज खसकन उघडला. “समास कुठाय? तारीख कुठाय? आन् ह्यो डाग कशाचा? पुढच्या साली पाचवीत जाणारी पोरगी तू, असला अर्ज करतीस? सहावीत काय दिवे लावणार हाईस?”

मला वाटलं, पोरगी रडणार. ती उठूनच बसली. “डाग माझा न्हाई! सिस्टरच्या औषधाचा हाय!”

“उलट बोलतीस?” हा आवाज काकांचा नव्हता. तिची आई डबा आपटून उभी राहिली होती. “मोठ्या माणसाला उलट बोलतीस? आन् सकाळचं अंडं उशीखाली कुणी लपवलं गं? वळण न्हाई कसलं!”

प्रणाली शेजारच्या खाटेकडं वळली. “आई रागावली,” तिनं सांगितलं. आणि मुकाट्यानं अंडं सोलायला घेतलं.

बाहेर जिन्यात काका पायरीवर बसले होते. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

“आमची सुमी आठ वर्साची होती,” ते म्हणाले. “शेवटचे सहा महिने मी तिला एकदा बी रागावलो न्हाई. लई जपलं.” मग प्रणालीचा अर्ज घडी करून खिशात ठेवला. “तिला कळलं आसंल रे.”

माझ्याकडं प्रत्येक गोष्टीवर घोषणा असते. ही गोष्ट घोषणेत बसत नाही.

म्हणून पत्रक काढत नाही, तुम्हालाच विनंती करतो. तुमच्या ओळखीचं एखादं लेकरू आजारी असेल, तर सफरचंदं आणि पडलेला चेहरा घेऊन जाऊ नका. त्याची शाळेची वही न्या. गृहपाठ विचारा. केला नसेल, तर रागवा.