जप्तीची नोटीस आणि आत्याबाईंचा हीटर

आमच्या वह्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात काही अडलं, की साहेब माझ्याकडे बघतात. का बघतात, यावर मतभेद आहेत. पण बघतात हे खरं!

तसेच त्या दिवशीही बघून म्हणाले, "कामाच्या जागेवरची विजेची उपकरणं सुरक्षित ठेवणं ही कायद्याने आपली जबाबदारी आहे. सोमवारी तपासनीस येतायत. तयारी करून ठेवा."

"सोडा माझ्यावर साहेब! एक वायर सुटायची नाही!"

कायदा मी वाचला नव्हता. पण कायदा म्हटला की दरारा हवा, एवढं मला कळतं. मी फळ्यावर नोटीस डकवली : 'घरून आणलेली सर्व विजेची उपकरणे सोमवारी तपासली जातील. नापास उपकरण जप्त होईल व मालकावर कारवाई होईल. हुकमावरून.' यातली जप्ती, कारवाई आणि 'हुकमावरून' हे सगळं माझ्या पदरचं!

सोमवारी तपासनीस आले. बुटके, शांत गृहस्थ. हातात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. अर्ध्या तासात त्यांचं काम आटोपलं.

"चोवीस माणसं, आणि उपकरणं फक्त नऊ?"

"शिस्त आहे आमच्याकडे!" मी छाती फुगवली.

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर बोट ठेवलं. "हा गोल डाग किटलीच्या बुडाचा. किटली कुठाय?"

सगळं ऑफिस एकदम कामाला लागलं! हिशेबनीस तर खुर्चीत नेहमीपेक्षा वीतभर उंच दिसत होते. त्यांनी टेबलफॅन बुडाखाली घेतला होता, हे मला मागाहून कळलं.

एवढ्यात फायलींच्या कपाटातून धूर यायला लागला.

"आग!" मी असा ओरडलो, की माझाच मी दचकलो. धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. फट्! दिवे गेले, कॉम्प्युटर गेले, आणि लिहिता लिहिता सेव्ह न केलेली सगळी पत्रंही गेली!

तपासनिसांनी शांतपणे कपाट उघडलं, आतून एक हीटर वायरीला धरून बाहेर काढला आणि त्याला चिकटलेली करपलेली फाइल जमिनीवर टाकून बुटाने विझवली.

"अहो, मेन कशाला बंद केलात? याची पिन तर माझ्या हातात लोंबतेय! गरम असतानाच कुणीतरी कागदांत कोंबलाय."

"मीच," मागून बारीक आवाज आला.

आत्याबाई! आमच्या टेलिफोन ऑपरेटर. तीस वर्षं त्याच खुर्चीत. कुणाचा घसा बसला की लवंग काढून देणार, कुणी उपाशी दिसला की आधी दटावणार आणि मग आपला डबा पुढे सरकवणार.

"गुडघे धरतात हो माझे. जप्त करणार म्हणून लिहिलं होतं. आमच्या यांनी घेऊन दिलेला आहे. ते गेल्यावर तेवढाच..." ऑफिस माझ्याकडे असं बघू लागलं, की वाटलं, आता मीच कपाटात शिरावं!

"जप्त कोण करणार?" तपासनिसांनी विचारलं. "कायदा म्हणतो, वस्तू धोक्याची नको. किती दिवसांनी तपासायची, ते वस्तू आणि तिचा वापर बघून ठरवायचं. माणसं वस्तू लपवायला लागली, तर तपासायचं काय, कपाळ?"

त्यांनी मेन चालू केला, हीटरची झिजलेली वायर बदलली, यंत्र लावलं आणि 'पास'ची हिरवी चिठ्ठी चिकटवली. आत्याबाईंनी ती चिठ्ठी दोनदा हाताने सपाट केली.

मग काय! ड्रॉवर उघडले, पिशव्या उघडल्या, हिशेबनीस उठून उभे राहिले. किटल्या, पंखे, केस वाळवायचं यंत्रसुद्धा! एकूण एकतीस नग. दोन भंगारात गेले, बाकीचे पास झाले. आत्याबाईंनी तपासनिसांना आपल्या डब्यातलं खायला लावलं आणि मलाही वाढलं. "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत हो," म्हणाल्या. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

"अहवालावर सही लागेल. तुमचे साहेब कुठायत?" तपासनिसांनी विचारलं.

"असतील इकडेच," म्हणत मी जिन्यापाशी गेलो, तर लिफ्टच्या दारातून दणादण बुक्क्यांचा आवाज येत होता! वीज परत आली, तरी ही लिफ्ट आपणहून सुरू होत नाही; तिचं बटण खालच्या चौकीतून दाबावं लागतं. हे ऑफिसात फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो तासभर आत्याबाईंच्या डब्यातलं खात बसला होता.